हळदीवर विश्वास असलेल्या डॉक्टरसाहेबांस

माननीय माजी मालक,



आपली 2010 सालची पेट्रोल गाडी माझ्या दारात येऊन तीन महिने झाले. 'सिंगल ओनर, डॉक्टरांनी वापरलेली' एवढं वाचून मी ती घेतली. पुण्यात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांचीच कशी असते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आपण डिकीत पाण्याचा पाच लिटरचा भरलेला कॅन ठेवला होता आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. केवढं औदार्य, असं मी त्या रात्री घरी म्हणालो होतो.

चाचणीच्या फेरीत आपण काट्याकडे बोट दाखवून म्हणालात, "बघा, टेंपरेचर पावाच्या वर जातच नाही." मी भारावलो. निरोगी इंजिनाचा काटा दहा-पंधरा मिनिटांत मध्याच्या आसपास येऊन तिथेच बसतो, ही अक्कल मला बरीच नंतर आली. पंखा चावी फिरवल्याबरोबर घोंघावू लागायचा. "पॉवरफुल आहे," आपण म्हणालात. तेही खरंच होतं. रिले आणि सेन्सर यांना कायमची रजा देऊन आपण तो डायरेक्ट करून घेतला होता.

पहिल्या महिन्यातच कूलंटची बाटली आठवड्याला अर्धा लिटर रिकामी होऊ लागली. गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठा कोरडा. मी पाणी ओतत राहिलो, तेही सोसायटीच्या बोअरचं. यात दोष माझाच. पाणी ओतलं की काहीतरी उपचार केल्याचं समाधान मिळतं आणि माणूस गॅरेजची पायरी चढत नाही.

मग मे महिन्यात आम्ही साताऱ्याला निघालो. मागे सासू-सासरे, एसी चालू, पुढे खंबाटकी घाट. अर्ध्या चढावर काटा पहिल्यांदाच लाल रेघेकडे सरकला. एसी बंद करून हिटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनातली थोडी उष्णता आत ओढली जाते, हा जुन्या ड्रायव्हर मंडळींचा उपाय मला ठाऊक होता. सोडला. आणि डॉक्टरसाहेब, हिटरमधून वाऱ्याची साधी झुळूक आली! मागून सासरेबुवा म्हणाले, "वा, ही हवा छान आहे. एसीनं डोकं धरतं." थोड्या वेळानं काटाही खाली उतरला. मी सुटकेचा श्वास घेतला आणि त्याच क्षणी बॉनेटमधून वाफेचा लोट उठला.

गॅरेजच्या मिस्त्रींनी नंतर समजावलं ते असं. हिटर गरम होतो तो त्यातून फिरणाऱ्या गरम कूलंटमुळे. इंजिन तापलेलं आणि हिटर गार, याचा अर्थ तिथवर पोचायला कूलंट उरलेलंच नाही. काट्याचंही तेच. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरं बोलतो. भोवती नुसती वाफ आणि हवा राहिली की तो बिनदिक्कत 'सगळं ठीक' म्हणतो. म्हणजे सासरेबुवांना आवडलेली ती झुळूक हीच धोक्याची घंटा होती. (तापल्या रेडिएटरचं टोपण मी उघडलं नाही. तेवढी बुद्धी शाबूत होती.)

गाडी टोइंगवाल्यानं पुण्याला आणली. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर मिस्त्रींनी हातपंप लावून एक बार दाब भरला आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत दाबाचा काटा निम्म्यावर. चोर सापडला वॉटर पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकाशी. तिथे पांढरट हिरवी खपली धरली होती. थेंब तिथून निघायचा आणि गरम धातूवरच वाळायचा, म्हणून माझा पुठ्ठा कोरडा. दुसरा चोर रेडिएटरचं टोपण. साधं पाणी 100 अंशांना उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि टोपणाचा साधारण एक बार दाब असेल तर ते सव्वाशेच्या पुढे जातं. आपल्या टोपणाचं रबर दगड झालं होतं, त्यामुळे दाब धरणार कोण? दोन-अडीचशे रुपयांची वस्तू हो.

हेड गॅस्केटच्या भीतीनं माझ्या पोटात गोळा आला होता, कारण ऑईलच्या झाकणाखाली साय दिसली. मिस्त्रींनी रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची नळी धरली. जळालेला वायू आत शिरत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. निळाच राहिला. साय निव्वळ दमटपणाची होती. गार इंजिनावर जवळच्या फेऱ्या मारल्या की साठतेच.

आणि इंजिन गार का, तर थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅटच नव्हता. ही झडप 80-85 अंशांच्या आसपास उघडते, तोवर इंजिनाला तापू देते. आपण ती उपटून टाकलीत. त्यामुळे इंजिन सदा गारठलेलं, जास्तीचं पेट्रोल पिणारं. आपण सांगितलेलं अठराचं ॲव्हरेज मला अकराच्या पुढे का दिसलं नाही, हेही कळलं. आपली हुशारी मी मानतो. झडप नाही, पंखा अखंड चालू, म्हणजे कोथरूड ते डेक्कन अर्धा मेलेला रेडिएटरही भागवून नेतो. चढ लागला की मात्र कळतं.

रेडिएटर उघडला तेव्हा आतून वरण निघालं. मिस्त्रींनी वास घेतला आणि म्हणाले, "हळद." गळती बुजवायला हळद टाकतात, ही युक्ती जुनी आहे. ती भोकाबरोबर बारीक नळ्याही बुजवते. पण ॲलोपॅथीच्या माणसानं आजीच्या बटव्यावर इतका विश्वास ठेवावा, याचं मला आजही कौतुक वाटतं. आपल्या दवाखान्यात ताप आलेल्या माणसाचं काय करता, थर्मामीटर बर्फात ठेवता का?

पंप, टोपण, थर्मोस्टॅट, रिले, सेन्सर, रेडिएटर सगळं नवीन बसवलं. बिल सोबत जोडलं आहे, नुसतं वाचनासाठी. आपला कॅनही परत पाठवतो आहे. पुढच्या गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दुसरा ओनर

ता. क. परवा पुन्हा खंबाटकी चढलो. काटा मध्यावर, हलला नाही. खात्रीसाठी मी मुद्दाम हिटर सोडला. भट्टीसारखी हवा आली, मला आनंदानं भरून आलं. मागून सासरेबुवा म्हणाले, "जावईबापू, मिस्त्रीनं बिघडवून ठेवलेलं दिसतंय. मागच्या खेपेची हवा किती छान होती."