पाटे आणि पाट

डॉक्टर पेशंटला आत झोपवून नातेवाइकांना बाहेर बोलावतात, तसं नाना पेठेतल्या मिस्त्रींनी मला गाडीपासून चार पावलं लांब नेलं. "साहेब, टायर गोटा झालेत," ते हळूच म्हणाले, "आणि पाटे बसलेत." मी गंभीर झालो. गाडीला ऐकू गेलं नसावं.

गाडी म्हणजे सेकंडहँड मारुती जिप्सी. १९८५ साली ही बाजारात आली, पुढं लष्करात भरती झाली, पोलिसांत गेली, सिनेमात खलनायकांच्या मागं धावली आणि दिवस फिरल्यावर माझ्याकडे आली. वजन टनाच्या आसपास, चारही चाकं जोर लावणारी, आणि स्प्रिंगांच्या नावाखाली चार कोपऱ्यांना लोखंडी पाट्यांच्या चार जुड्या. खड्डा आला की मागच्या बाकावरचा माणूस छताला लागतो आणि खाली येईपर्यंत बाक पुढं गेलेला असतो.

दसऱ्याला सासुरवाडीला जायचं होतं. सासुरवाडी माढा तालुक्यात, टेंभुर्णी ओलांडून कुर्डुवाडीकडं जाताना डांबरी सोडली की दोन किलोमीटर आत, वस्तीवर. ते दोन किलोमीटर म्हणजे पाणंद. इतकी वर्षं आम्ही पावसाळ्यात गाडी डांबरीला लावून, चपला हातात घेऊन चालत जात होतो. यंदा जावई दारात उतरणार, असं मी ठरवलं. हिनं विचारलं, "का?" या प्रश्नाला उत्तर नसतं. जगातल्या सगळ्या जीपवाल्यांच्या बायकांनी तो विचारून पाहिलेला आहे.

टायर निवडणं हे स्थळ बघण्यासारखंच, फक्त इथं पत्रिका अंगावर छापलेली असते. माझ्या जुन्या टायरवर होतं, २०५/७० आर १५. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, बांधा रेडियल आणि आतली रिम १५ इंचांची. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! ज्यानं ही पद्धत काढली त्याला लहानपणी गणिताच्या मास्तरांनी फार मारलं असणार. शेजारी जन्मवेळही असते. २३१९ असे आकडे असतील तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. हे वाचायला शिकलो आणि लगेच दुकानदारानं 'अगदी ताजा माल' म्हणून पुढं केलेले चार टायर मुलीच्या दहावीच्या वर्षातले निघाले. मुलगी आता नोकरीला आहे.

मला आवडलेल्या टायरवर १०४ क्यू असं होतं. १०४ म्हणजे एक टायर ९०० किलो पेलणार. चार टायरांचे झाले छत्तीसशे. टनाच्या गाडीला आणि माझ्या सासूबाईंना धरूनही बरीच शिल्लक. क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटरपर्यंत तो टायर शाबूत राहणार. जिप्सी कड्यावरून ढकलली तरी एवढा वेग घेईलसं वाटत नाही, पण असावा.

जाती मुख्य तीन. एक हायवेचे, सज्जन आणि शांत. दुसरे ऑल टेरेन, म्हणजे निम्मं डांबर, निम्मी माती. तिसरे मड. मिस्त्री म्हणाले, "साहेब, ऑल टेरेन घ्या. मधला मार्ग." पण मी पुण्याचा. आमच्याकडे मार्गाच्या मध्ये लोक गाड्या लावतात. मी मड घेतले. त्यांच्या गुट्ट्या बिब्ब्याच्या नव्हे, बटाट्याच्या आकाराच्या, आणि दोन गुट्ट्यांत रुंद खाचा, चाक फिरलं की चिखल बाहेर फेकला जावा म्हणून. माप २३५/७५ आर १५. जुन्या टायरची उभी उंची ६६.८ सेंटिमीटर, याची ७३.३. साडेसहा सेंटिमीटर वाढले म्हणून मी पेढे वाटायला निघालो तेव्हा गॅरेजमधला पोरगा म्हणाला, "काका, त्याच्या निम्मीच उंची मिळणार. आस चाकाच्या मध्यावर असतोय ना." तो मला काका म्हणाल्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

मग पाटे. मिस्त्रींचा सल्ला होता, प्रत्येक जुडीत एकेक पाटा वाढवावा आणि लांब शॉकअप टाकावेत, गाडी टाचा उंच केल्यासारखी उभी राहील. पोरगा पुन्हा मध्ये पडला. "बॉडी वर जाईल, काका. मधला गोळा आहे तिथंच राहील." गोळा म्हणजे डिफरन्शियल, आसाच्या पोटातलं लोखंडी टेंगूळ. पाटे कितीही वाढवा, गोळा आसाला, आस चाकाला बांधलेला. तो वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. शिवाय पोराचं म्हणणं, पाटा कडक केला तर खड्ड्यात चाक खाली लोंबत नाही, अधांतरी राहतं. आणि साध्या डिफरन्शियलची रीत अशी की ज्या चाकावर काहीच भार नाही ते सगळ्यात जास्त पळतं, राबणारं चाक जागेवर. आमच्या बँकेचं काम याच तत्त्वावर चालत असल्यानं मला त्यात वावगं काही दिसलं नाही. पाटे वाढवले.

गाडी घरी आणली. आमच्याकडे आलेल्या मामी, म्हणजे सासूबाई, दसऱ्याला आमच्याबरोबरच गावी परतणार होत्या. त्यांनी गाडीकडे खालून वर पाहिलं, गोपुराकडे पाहतात तसं. एक पाय उचलला. परत ठेवला. "जावईबापू, ह्यात चढायचं कुनीकडनं?" शेवटी हिनं स्वयंपाकघरातून जेवायचा सागवानी पाट आणला. पाटावर पाय देऊन मामी चढल्या, पाट पायाशी ठेवला आणि आम्ही निघालो.

मड टायर डांबरावर गप्प बसत नाहीत. हडपसर सुटल्यापासून गाडीत पिठाची गिरणी चालू झाली. यवतला ती बाजरी दळत होती, इंदापूरला ज्वारी. मोठ्या टायरमुळं मीटरही खोटं बोलू लागला होता, तो ६० दाखवत असताना आम्ही ६६ने जात होतो. किलोमीटरही तो कमी मोजत होता, त्यामुळं पेट्रोलचा हिशेब होता त्याहून लाजिरवाणा दिसत होता. भिगवण आलं तेव्हा उजनीच्या माशांचा वास काचा बंद असूनही आत आला. मामींचे नवरात्राचे उपवास होते. मी गाडी थांबवली नाही, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

टेंभुर्णीनंतर आभाळ भरून आलेलं. सोलापूर जिल्ह्याला खरा पाऊस सप्टेंबरात, परतीच्या वाटेवरच भेटतो. यंदा त्याला निघायला उशीर झाला होता. पाणंदीच्या तोंडाशी सासरे, मामा, छत्री घेऊन उभे. काच खाली केली. मामा म्हणाले, "काल रातीत लई पडलाय. गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. वापसा आला की आणू." मी टायरांकडे बोट दाखवलं. मामांनी टायर पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाले. सोलापुरी 'बरं'मध्ये बरं काही नसतं.

पहिली पन्नास पावलं गाडी रणगाड्यासारखी गेली. मी आरशात मामांना शोधत होतो. मग आवाज बदलला. काळी माती ही चिखल होत नाही, ती कणीक होते. तांबड्या मुरमात गुट्ट्या झटकल्या जातात. काळ्या मातीत त्या भरतात आणि भरलेल्याच राहतात. बघता बघता माझ्या चार मड टायरांच्या चार गुळाच्या ढेपा झाल्या, नक्षी नावाला नाही. नाना पेठेत टाकून आलेले गोटे बरे होते. चाकं खाली गेली, बॉडी ऐटीत वर राहिली आणि मधला गोळा नांगराच्या फाळासारखा मातीत रुतला. पोरगा आठवला. मागचं डावं चाक अधांतरी राहून सगळी ताकद स्वतः खात होतं. बँक आठवली.

मामा चालत येऊन पोचले. "हितल्या आगगाडीचं ठाव हाय का?" त्यांनी विचारलं. कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ साली छोटी रेल्वे निघाली. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरानं ती आखताना एका आसावर पाच टनांच्या वर भार येऊ द्यायचा नाही, असा नेम केला होता. मामांचे आजोबा तिच्यावर होते. "सायबानं आदी भुई बगितली, मग गाडी केली," मामा म्हणाले. उकिडवे बसून चिखलात गेलेला गोळा बघत असताना हे ऐकून घ्यावं लागलं.

जॅक लावला. गाडी वर जायच्याऐवजी जॅक खाली गेला. दुसऱ्यांदा लावला, तोही पाताळाच्या दिशेनं. मामी तोवर आतच बसून होत्या. त्यांनी काच खाली करून पाट बाहेर दिला. "ह्यो घ्या की बुडाला."

पाटावर जॅक बसला आणि गाडी पहिल्यांदा हलली. मेहुण्यानं शेजारच्या रानातून कडब्याच्या पेंढ्या आणून चाकांखाली सारल्या. मामांनी बाभळीचा काटा घेतला, व्हॉल्व्हच्या सुईवर टेकवला आणि चारही टायरांची निम्मी हवा सोडली. टायर पसरले, भाकरीसारखे, जमिनीला जास्त चिकटले. हा उपाय फुकट होता. गाडी निघाली. मागं निघाली, कारण पुढं जायला मामांनी मनाई केली. डांबरीवर आणून लावली आणि आम्ही चपला हातात घेऊन वस्तीकडं चालू लागलो. मामी सगळ्यांच्या पुढं.

वापसा तिसऱ्या दिवशी आला. मामांनी मातीचा लाडू वळून पाहिला, तो फुटला, आणि म्हणाले, "आता आना." मी आणायला गेलो तोवर त्याच पाणंदीतून पाव्हण्यांची जुनी व्हॅन दारात येऊन उभी होती. तिचे टायर मी मुद्दाम वाकून पाहिले. गोटा.

तर, २३५/७५ आर १५ मापाचे चार मड टायर, पुणे ते माढा एकदाच गेलेले, देणे आहेत. सोबत चार जादा पाटेही मिळतील. जेवायचा पाट मिळणार नाही.