फुंकर, सदरा आणि शेव-उसळ

नवरात्रात बडोद्याच्या नवलखी मैदानावर गरब्याबरोबर धूळही फेर धरते. मग लाखाची लेन्स गळ्यात अडकवलेले आमचे हौशी छायाचित्रकार सफाईला लागतात. आधी तोंडाने फुंकर, तीत मघाच्या शेव-उसळीचा प्रसाद. मग सदऱ्याचं टोक, पितांबरीने तांब्या घासावा तसं गरगर. काचेवरच्या लेपाचा एकेक थर मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढा, आणि धुळीतले वाळूचे कण काचेहून कठीण. धूळ आधी उडवायला रबरी फुगा घ्या म्हटलं, तर ‘उगाच खर्च!’ लेन्सचं झाकण खिशात सुरक्षित. ओरखड्यांनी फोटो धूसर आले, की ‘ड्रीमी इफेक्ट’ म्हणून मिरवायचे. बडोदेकर तोट्यात जात नाही.