मुंबई–बहरीन अंतर मोजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते बहरीन मोजणारे लोक भाबडे असतात. सरळ रेषेत अंतर सुमारे 2,400 किलोमीटर, थेट विमानाला जाताना पावणेचार तासांच्या आसपास. ही माहिती अगदी बरोबर आहे आणि प्रवाशाच्या काडीच्याही कामाची नाही.

मोजणी साताऱ्यापासून सुरू करावी. विमान सकाळी सहाचं म्हणजे विमानतळावर रात्री तीनला हजर. घाटात ट्रक बंद पडलेला असणारच, त्याचे दोन तास. सोडायला येणाऱ्या काकांच्या चहाचा अर्धा तास. म्हणजे आठला गाडी हलायला हवी, आणि काका साडेसहापासून चपला घालून दारात उभे. जमिनीवरच्या अडीचशे किलोमीटरला सात तास धरले की गणित योग्य मार्गाला लागलं असं समजावं.

यानंतर अंतर किलोमीटरऐवजी किलोत मोजावं. बॅग न्हाणीघराच्या वजनकाट्यावर उभी राहत नाही, म्हणून ती कवेत घेऊन स्वतः उभं राहावं आणि स्वतःचं वजन वजा करावं. जास्त भरलेल्या दोन किलोंत मेतकूट काढायचं की भाजणी, यावर घरात मतदान घ्यावं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मुकाट्याने बाहेर काढाव्यात. विमानवाहतुकीच्या नियमांत खोबरं हे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. आखातातल्या अनेक देशांत खसखस अमली पदार्थांत धरतात, तेव्हा अनारसे साताऱ्यातच संपवून निघावं.

आता घड्याळ. बहरीन आपल्यापेक्षा अडीच तास मागे. सहाला उडालात तर तिथल्या सव्वासातला मुहर्रकच्या विमानतळावर उतरता. परतताना मात्र निघणं आणि पोचणं यांत सहा तासांचं अंतर दिसतं. यावरून आत्या असा निष्कर्ष काढते की परतीचा रस्ता चढाचा आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. उंचावरचे वारे, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे येतानाचं उड्डाणच थोडं लवकर आटोपतं. आत्याला हे समजावण्यात वेळ घालवू नये, तो प्रवासाच्या वेळेत धरला जात नाही.

कुणी वेगाच्या बढाया मारू लागला तर त्याला इतिहास ऐकवावा. 21 जानेवारी 1976 रोजी ब्रिटिश एअरवेजच्या काँकॉर्डने पहिलं प्रवासी उड्डाण केलं ते लंडनहून बहरीनलाच. ध्वनीहून वेगवान विमानाला लागले सुमारे चार तास. आपण साध्या विमानाने जवळपास तेवढ्यातच पोचतो, कारण लंडन बहरीनपासून मुंबईच्या दुप्पट लांब आहे. 1965 मध्ये दिनार येईपर्यंत तिथला व्यवहारही रुपयांतच चाले, म्हणजे जवळिकीत लंडन कधीच आपल्या पुढे नव्हतं.

उतरल्यावर अंतराची कल्पना पुन्हा बदलावी लागते. मुख्य बेट उत्तर-दक्षिण जेमतेम पन्नास किलोमीटर. तिथे मुरलेला मराठी माणूस मनामाहून रिफाला जेवायला बोलावलं की "एवढ्या लांब?" म्हणतो. त्याला साताऱ्याचे सात तास सांगू नयेत; जेवण रद्द होतं.

पोचल्याचा फोन मात्र लगेच करावा. गप्पांचा फोन रात्री दहाला हौसेने लावाल, तर साताऱ्यात साडेबारा वाजलेले असतात आणि फोन काकाच उचलतात.