ॲनोड आजोबा

अमेरिकेत थंडी पडायला लागली की मिनेसोटा, डकोटा आणि पलीकडच्या कॅनडातून निवृत्त मंडळींची चाकांवरची घरं दक्षिणेला निघतात. ॲरिझोनात युमा, मेसा अशा उबदार गावांत आरव्ही पार्क नावाच्या वसाहती आहेत, तिथे ती चार-पाच महिने मुक्काम ठोकतात. या मंडळींना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. त्यांच्यात गोल्फवाले असतात, पत्तेवाले असतात, संध्याकाळी ग्लास घेऊन खुर्चीत बसणारे तर असतातच. पण प्रत्येक पार्कात एक जण असाही असतो, की जो इतक्या लांब गाडी हाकत केवळ लोकांच्या वॉटर हीटरमध्ये डोकवायला आला असावा, अशी शंका यावी.

मी त्याला ॲनोड आजोबा म्हणतो.

वय सत्तरीच्या पुढे. बारमाही अर्धी चड्डी, पोटरीपर्यंत पांढरे मोजे. चड्डीचा उजवा खिसा कायम लोंबलेला, कारण त्यात १ १/१६ इंची सॉकेट असतं. तुमची गाडी जागेवर लागते, तुम्ही विजेची वायर आणि पाण्याची नळी जोडता, तोवर आजोबा चालता चालता सहज थांबल्यासारखे थांबतात. हवापाण्यावर एक वाक्य बोलतात. त्यातली हवा तोंडदेखली असते, खरा विषय पाणी. मग गाडीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या छोट्या चौकोनी झाकणाकडे हनुवटीनेच खूण करून विचारतात, “रॉड कधी बदललात?”

त्या झाकणामागे सहा किंवा दहा गॅलनची टाकी असते, म्हणजे तेवीस किंवा अडतीस लिटर. पाणी गॅसवर तापतं, नाहीतर विजेवर. टाकी पोलादी असेल तर आतून तिला चिनी मातीसारखा मुलामा असतो आणि पाण्यात मॅग्नेशियमचा एक दांडा सोडलेला असतो. तोच ॲनोड रॉड. पोलादाच्या आधी मॅग्नेशियम झिजतं, त्यामुळे दांडा स्वतः विरघळत जातो आणि टाकी वाचते. ॲरिझोनाचं पाणी जड, तेव्हा दांड्याला तिथे काम भरपूर. आणि आजोबांनाही.

दांडा काढायचा सोहळा बघण्यासारखा असतो. आधी वीज बंद, गॅस बंद. मग पाणी गार होईपर्यंत बसायचं. खुर्च्या तुम्ही द्यायच्या, बोलायचं आजोबांनी. नंतर बाहेरून येणारं पाणी बंद करून आणि गरम पाण्याचा नळ सोडून आतला दाब उतरवायचा. एवढं झाल्याशिवाय सॉकेट खिशातून बाहेर येत नाही. गरम टाकीचा बोल्ट घाईने फिरवून कढत पाणी अंगावर घेतलेल्या लोकांच्या कथा त्यांच्याकडे खंडीभर आहेत. प्रत्येक कथेतला माणूस टेक्ससचा असतो, का ते त्यांनाच ठाऊक. शेवटी बोल्ट सुटतो, पाणी भसाभसा वाहतं, त्याबरोबर क्षारांच्या पांढऱ्या खपल्या येतात आणि आजोबा तो कुरतडलेला दांडा उन्हात धरून जुन्या ज्योतिष्याने पत्रिका बघावी तसा न्याहाळतात. “दोन हंगाम झाले. मधे बरेच महिने गाडी पाण्यासकट उभी होती. बरोबर?” बरोबरच असतं. तीन चतुर्थांश झिजला असेल तर नवा घालायचा, हा नियम. तो नवा दांडा त्यांच्या डाव्या खिशातून निघतो. पैसे घेत नाहीत. त्याऐवजी रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही ऐकून घ्यावा लागतो.

एक धातू झिजवून दुसरा वाचवायचं हे ज्ञान, म्हणजे, १८२४ सालचं. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा असे आणि समुद्राचं पाणी त्याला खाई. डेव्हीने तांब्याला जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले. तुकडे झिजले, तांबं शाबूत राहिलं. आजोबा गोष्ट इथेच थांबवतात. पुढची मी वाचली आहे. तांबं विरघळेनासं झालं, तसे तळाला शंखशिंपले आणि शेवाळ बिनघोर चिकटू लागले आणि जहाजांचा वेग मंदावला. पत्रा वाचला, पण प्रवास अडला.

काही टाक्या ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांना दांडा नसतो, खाली प्लॅस्टिकचं साधं बूच असतं. अशी गाडी आली की आजोबांचा चेहरा पडतो. व्हिनेगर घालून टाकी धुवा, एवढंच सांगून ते पुढे सरकतात. मात्र गरम पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो अशी तक्रार कानावर आली, तर ते जेवणावरून उठून येतात. पाण्यातले जिवाणू आणि मॅग्नेशियमचा दांडा यांच्या संगनमताने तो वास सुटतो. टाकी क्लोरीनने धुवायची आणि जस्तमिश्रित ॲल्युमिनियमचा दांडा घालायचा, हा उतारा. तोही दांडा त्यांच्याकडे असतो. गॅसच्या नळीत कोळ्याने जाळं केलं म्हणून बर्नर पेटत नसेल, तर त्यांना कोळ्याचंही कौतुक वाटतं.

त्यांच्या लेखी महापाप एकच: टाकीत पाणी नसताना विजेचं बटण दाबणं. कोरडं एलिमेंट बघता बघता जळतं. म्हणून टाकी भरल्यावर गरम नळातून फुसफुस थांबून सलग धार येईपर्यंत कुणी बटणाजवळ फिरकायचं नाही. ही शिस्त ते अनोळखी माणसाच्या बायकोलाही लावतात.

त्यांच्या स्वतःच्या हीटरबद्दल काय सांगावं! तसा लखलखीत हीटर पार्कात दुसरा नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेल्या तारखा: रॉड, व्हिनेगर, रॉड, नवा व्हॉल्व्ह, रॉड. सगळ्यात खाली वेगळ्या, ठसठशीत बाईमाणसाच्या अक्षरात: “ग्रँड कॅन्यन – अजून नाही.” ग्रँड कॅन्यन युमाहून एका दिवसाच्या वाटेवर आहे. आणि आंघोळीला आजोबा टॉवेल खांद्यावर टाकून पार्काच्या सार्वजनिक न्हाणीघरात जातात. घरचा हीटर उगाच कशाला झिजवायचा?

आमचे पुण्याचे मेहुणे एकदा बरोबर होते. त्यांनी हा सगळा प्रकार हाताची घडी घालून पाहिला आणि विचारलं, “हे लोक प्लंबरला का बोलवत नाहीत?” मी भाषांतर करायचं टाळलं. पण आजोबांनी सूर ओळखला. झिजलेला दांडा त्यांनी सरळ मेहुण्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “धर, यंग मॅन.” मेहुणे सहासष्ट वर्षांचे आहेत. सकाळी सातला ते आजोबांबरोबर दुसऱ्या रांगेत कुणाची तरी टाकी उपसत होते. ग्रँड कॅन्यन त्यांचाही राहिला.

पुण्याला परतल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर गीझरचं माहितीपत्रक शोधलं. पाणी साठवणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच गीझरमध्येही हाच मॅग्नेशियमचा दांडा असतो. आता सोसायटीत कुणाकडे चहाला गेले, तरी आधी न्हाणीघरात डोकावतात. तुमच्याकडेही येतील, तेव्हा एक तारीख शोधून ठेवा: तुमच्या गीझरचा रॉड शेवटचा कधी बदलला होता?