कोनत्या बहारात दिल्ली?

(रंगमंचावर एक प्लॅस्टिकची खुर्ची. भिंतीवर दोन कॅलेंडर: एक कालनिर्णय, एक जबलपूरचं लाला रामस्वरूप. पन्नाशीचा संत्रा-बगिचेवाला चष्मा लावून दोन्ही आळीपाळीनं पाहतो.)

बायकोले दिल्ली पायची आहे. तिनं लग्नातच सांगतलं होतं, मीच तारीख दिली नाई. तारीख तरी कोनाची देऊ? आपलं बोरगाव सीमेवरचं. कालनिर्णयात आषाढ सुरू रायते, अन लाला रामस्वरूपच्या घरी श्रावण लागून जाते. पंधरा दिवसाचा घोळ भिंतीवरच!

राजधानीचं आमाले तसं कौतुक नाई. आमचा बुढा जन्मला तवा आपली राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ले सकाळी उठला, तं भोपाळ! बुढा जागचा हालला नाई, राजधानीच उठून गेली. मी बायकोले म्हनलं, थांब वो, 2023 मधी जिल्हा नाई का आला पांढुर्ण्याले? तशी दिल्लीबी येईन एखाद्या दिवशी.

मानली नाई. मंग बसलो हंगाम पाहाले.

उन्हाळा. पोट्ट्यायले सुट्ट्या, पन दिल्लीत पारा 45. बापा, 45 आपल्या आंगनात फुकट भेटते, तिकीट काढून कायले जायचं? गोऱ्यायलेबी हे समजत होतं. दिल्ली राजधानी करतो म्हनून दरबारात सांगतलं कवा? 12 डिसेंबर 1911 ले. नव्या दिल्लीचं उद्घाटन? फेब्रुवारी 1931. अन मे महिन्यात सायेब कुठी? शिमल्याले! आपलं नागपूरचं सरकारबी तवा पचमढीले जाऊन बसे. राजधानी बांधनारेच उन्हाळ्यात तिथं रायत नोते, अन आपुन छोले खाले जायचं?

पावसाळा. मिंटो ब्रिजखाली बस बुडते. टीव्हीवर पाहतो ना मी! पूल तोच, बस तेवढी नवी. मुंबईच्या सरकारले मात्र हंगाम समजते. अधिवेशनाले नागपूरले येते ते हिवाळ्यात, संत्र्याच्या टायमाले. 2018 ले काय लहर आली, जुलैत ठेवलं. झाला ना पाऊस! विधानभवनात विजेच्या खोलीत पाणी शिरलं, लाइट बंद, कामकाज बंद. आमची बायको टीव्हीकडं पाहून म्हने, "अजी, विरोधी पक्षानं काहीच केलं नाई, तरी सभागृह बंद पडलं!"

दिवाळीनंतर? दिल्लीत धूर. समोरचा मानूस दिसत नाई. अन इकडं आंबिया बहाराचा संत्रा तोडीवर. संत्रा मात्र त्याच धुरात जाते, आझादपूर मंडीत. भरला ट्रकात का चालला. ना रिझर्वेशन, ना वेटिंग. (खाली आवाजात) एक दिवस क्रेट भरता भरता बायको म्हनते, "मले बी एखाद्या क्रेटमधी बसवा. वरून पाला टाका."

(खुर्चीवर ऐसपैस बसतो.)

डिसेंबर संपता संपता मी मोकळा! बगिच्याले ताण द्या लागते. पाणी बंद, मोटर बंद. झाड उपाशी रायते, पानं मलूल होतेत, मंग पाणी सोडलं का फुलावर येते. झाडाले ताण, मालकाले आराम. थंडीचं म्हनाल, तं कोट आहे माझ्यापाशी. लग्नातला. आपल्याच बोरगावच्या रेमंडचं कापड! पोटावरचं बटन तेवढं लागत नाई. पन तवाच दिल्लीत धुकं पडते. गाडी आठ-आठ तास लेट. अन पोहोचून पाहाचं काय? कुतुबमिनारचा खालचा मजला!

रायला फेब्रुवारी. (उठून उभा राहतो.) राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान उघडते, ट्यूलिप फुलतेत, जाणं फुकट. ना लू, ना धुकं. हाच तो हंगाम! मी म्हनलं, जमलं! लालाबी हो म्हनते, कालनिर्णयबी हो म्हनते. तेवढ्यात गडी दारात उभा: "भाऊ, मृग बहार तोडीवर आला."

(लांब उसासा. चष्मा काढतो.)

काल बायको म्हनते, "फेब्रुवारीची तिकिटं काढली."

म्हनलं, "अवो, अन तोड?"

"तुमी आहा ना. आमी बचत गटाच्या बाया चाललो."

म्हनलं, "सकाळची थंडी लय रायते तिकडं."

म्हनते, "म्हनून तं तुमचा कोट घेतला. मले बटनंबी लागतेत."

(अंधार)