रिकामा हमाल

माझा पुतण्या पुण्याची नोकरी लॅपटॉपात घालून हट्ट्याला राहायला आला. गावात पुढारी आहेत, कर्जबाजारी आहेत, दोन्ही असलेलेही आहेत. पण दुसऱ्याला मिनिटभर रिकामं उभं पाहून ज्याच्या पोटात कळ उठते, असा हा एकटाच.

त्याचं काम काय, तर कॅमेऱ्याचा एक डबा यूएसबीच्या वायरीनं जोडायचा आणि त्यातला डेटा होईल तितक्या वेगानं ओढायचा.

"यूएसबी थ्री, काका. २००८ चं. कागदावर सेकंदाला ५ गिगाबिट. पण ८ बिट पोचवायला १० पाठवावे लागतात, म्हणून उरले ४. म्हणजे ५०० मेगाबाइट. बाकी खर्च जाता चारशेच्या आसपास पदरात पडायला पाहिजेत."

"अन् पडायलेत किती?"

"नव्वद."

हमाली, तोलाई कापून पट्टी हातात घेण्यात माझा जन्म गेला. मला नवल वाटलं नाही.

त्याचं दुखणं त्यानं मला औंढ्याला नेऊन समजावलं. नागनाथाच्या गाभाऱ्यात वाकून, अंग चोरून, एकेकानं उतरावं लागतं. "कॉम्प्युटरचा कर्नल म्हणजे हा गाभारा. माझा प्रोग्राम बाहेर, सभामंडपात. दर वेळी आत निरोप धाडायला वेळ जातो. म्हणून एकेक फूल नाही पाठवायचं, हारच धाडायचा." मागच्या बाईनं विचारलं, "दर्शन झालं का नाही तुमचं?"

पण एवढ्यानं भागेना. खरी मेख त्याला वसमतच्या मोंढ्यात सापडली. एक हमाल हळदीचं पोतं थप्पीला लावून परत येई आणि पुढचं भरेपर्यंत विडी ओढी. पुतण्या ओरडला, "हाच! हाच माझा प्रोग्राम!" हमालानं विडी लपवली. एक मागणी घालायची, ती पुरी होईस्तोवर थांबायचं, मग दुसरी. तेवढ्या वेळात वायर मोकळीच. त्यापेक्षा बरीच पोती आधीच तोंड उघडून मांडून ठेवायची. एक भरलं की दुसरं पुढ्यात हजर, भरलेलं रिकामं करून पुन्हा रांगेच्या शेवटी. लिबयूएसबी नावाच्या लायब्ररीत तशी सोय आहे म्हणे. त्यानं एकेक मेगाबाइटची बत्तीस पोती मांडली, तर लिनक्स कोठाराचं दार उघडेना: अशा कामाला मुळात १६ मेगाबाइटचीच परवानगी. ती वाढवून घेण्यात एक रात्र गेली.

ते यश डोक्यात गेलं. सकाळी चुलीपाशी उभा राहून म्हणतो, "आज्जी, एक भाकर तव्यावर असतानाच दुसरी थापून ठेवत जा."

"मग साठ वर्षं मी काय करायलेय रे बाबा?" ती म्हणाली. तव्यावर एक होती, आरावर एक, परातीत तिसरी.

आकडा ३९० वर गेला. त्यानं पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन : तो सगळा डेटा पाठव. ३६० जीबी. आता मात्र वायर सोडून गावच्या मोबाइल टॉवरशी गाठ. दोन दिवस तो गच्चीवर फोन धरून उभा होता. तिसऱ्या दिवशी डिस्क फडक्यात गुंडाळून परभणीला मित्राकडं निघाला. "तास धरा काका. सेकंदाला शंभर मेगाबाइट. एसटी!" सोबत मीही निघालो, मला बियाणं आणायचं होतं.

गाडीत त्यानं कंडक्टरच्या हातात पाचशेची नोट ठेवली. सुट्टे नव्हते. आता हा माणूस थांबणार, मागची सगळी गाडी थांबणार! पुतण्याचा चेहरा पडला. कंडक्टरनं तिकीट उलटं केलं, पाठीवर उरलेली रक्कम लिहिली, "उतरताना घ्या," म्हणाला आणि पुढच्या सीटकडं सरकला.

झिरो फाट्यापर्यंत पुतण्या त्या तिकिटाची पाठच बघत होता.