रंगसम्राट पेंटरसाहेबांस, सादर

श्री. रा. रा. पेंटरसाहेब यांस,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, यंदा गणपतीत आमच्या नव्या घराला जी शोभा आली तिचं सगळं श्रेय आपलं. ते चारचौघांत दिलं नाही, तर आमच्यासारखे कृतघ्न आम्हीच.

आधी आपल्या वेगाला मुजरा. चिऱ्याच्या भिंतींचा गिलावा २ मेला संपला. गवंड्याने सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं आणि आठव्या दिवशी आपण पुट्टीच्या गोणी घेऊन दारात उभे! नवा गिलावा महिनाभर तरी सुकू द्यावा, कोकणातल्या दमट हवेत त्याहून जास्त, असं मी चाचरत बोललो. आपण भिंतीवर टिचकी मारलीत. "टण आवाज येतोय की, साहेब. मिरग तोंडावर आलाय." भिंतीतली ओल कानाने मोजणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

(पुट्टी लावताना भिंतीवर पाणी शिंपडतात, हे मलाही ठाऊक आहे. पण वरून शिंपडलेलं पाणी निराळं आणि भिंतीच्या पोटातलं निराळं. असो, आपल्यापुढे आम्ही काय बोलावं?)

तरी आगाऊपणा केलाच. रात्री प्लास्टिकचा हातभर चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवला. सकाळी आतून थेंब धरले होते. आपल्याला दाखवले, तेव्हा आपण म्हणालात, "प्लास्टिकला घाम येतो." या ज्ञानाबद्दल आजन्म ऋणी आहे.

वास्तुशांतीचा मुहूर्त मीच काढला होता, हे कबूल. पण तो पुढे ढकलू का, असं विचारल्यावर "छे छे, मी आहे ना!" असं म्हणणारे आपण होतात. तो धीर अजून आठवतो.

आपल्या मुलांनी पुट्टीवर पॉलिश पेपर फिरवला. घरभर पिठी उडाली, आमची मांजर पांढरी झाली. मांजर आम्ही झटकली. भिंत झटकायची राहिली, ती राहिलीच. त्या पिठीवरच प्रायमर चढला आणि त्यातही पाणी डब्यावर छापलंय त्याच्या दुप्पट! डब्यावरचं वाचायला आपल्याला सवड नव्हती, हे समजू शकतो. डब्यातलं टोकन मात्र आपण न विसरता खिशात घातलंत. एवढ्या धावपळीत इतकं लक्ष!

स्वयंपाकघराबद्दल तर किती आभार मानू? सिमेंट पाण्याने घट्ट होताना त्यातून चुना सुटतो. गिलावा ओला असेतो हा चुना भलता जहाल असतो आणि वरच्या रंगातल्या तेलाशी गाठ पडली की त्याचा साबण होतो. म्हणून आधी भिंत सुकवतात, मग क्षार रोखणारा प्रायमर मारतात आणि त्यानंतर ऑइलपेंटचा डबा उघडतात. आपण थेट डब्यापासून सुरुवात केलीत. आता ओट्यामागची भिंत ओल्या फडक्याने पुसली की बुळबुळते. सौभाग्यवती म्हणतात, फेस आला असता तर भांडीही तिथेच घासली असती.

थर्माकोलवर २०१८ पासून बंदी, म्हणून आम्ही हिमालयाचा देखावा रद्द केला होता. आपल्याला ते रुचलं नसावं. मखरामागच्या भिंतीला असा काही लोणा फुटला की आरतीला आलेली मंडळी विचारू लागली, "कापूस कुठून आणलात?"

आणि तो फुगा! खिडकीखाली पुरीसारखा टम्म फुगलेला. भाच्याने त्याला नख लावलं आणि वीतभर रंग तांदळाच्या पापडासारखा अलगद हातात आला. मी तो उलटा करून पाहिला. पुढे आम्ही पसंत केलेला बदामी रंग, मागे प्रायमरची पातळ साय, त्या सायीला चिकटलेली तीच पांढरी पिठी. भिंतीला काहीच चिकटलं नव्हतं. आपली कारागिरी इतक्या जवळून पाहायचं भाग्य किती जणांना मिळतं?

आपला फोन लागत नाही. मोठ्या माणसांना कामं फार. म्हणून गावातल्या दुसऱ्या पेंटरला बोलावलं. त्याला टिचकी मारता येत नाही. त्याने भिंतीवर तळवा ठेवला, पत्र्याने दोन ठिकाणी खरवडलं आणि म्हणाला, "हे सगळं उतरवायचं. मग भिंत उघडी ठेवा. मी दिवाळीनंतर येतो." आगाऊ रक्कमही घेतली नाही. धंदा कसा चालतो त्याचा, देव जाणे.

कळावे, लोभ होता.

आपला,
एक घरमालक

ता. क. : आपली शिडी पडवीत आहे, घेऊन जावी. नेताना भिंतीला टेकवू नये. रंग निघतो.